‘लाईनवर थांबा’ : कॉल सेंटरवरचा राग आणि थोडं गणित

कस्टमर केअरवर एकदाही आवाज चढवला नाही असा महाभाग आपल्या हॉस्टेलमध्ये शोधून सापडायचा नाही. बॅलन्स कापला गेला, नेट बंद पडलं, पार्सल भलत्याच पत्त्यावर गेलं, की लावा फोन आणि काढा राग! पण पलीकडे कोण बसलेलं असतं आणि त्याच्या हातात नेमकं काय असतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहा आठवडे पुण्यात एका मोबाईल कंपनीचे कॉल घेतले, म्हणून हा लेख. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तरी मला डेस्क मिळाला मराठीचा. कारण साधं होतं. फ्लोअरवर मराठी बोलणारे पुष्कळ होते, पण ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यातला फरक पटकन कळणारे कमी. आपल्याकडची मोठी माणसं मोबाईल नंबर जोडीजोडीने सांगतात. अठ्ठ्याण्णव, बावीस, एकोणऐंशी... इंग्लिश मीडियमची मुलं तिथे गळपटतात, पुन्हा पुन्हा नंबर विचारतात, आणि भांडणाची पहिली ठिणगी तिथेच पडते. माझी आजी वेल्ह्याकडची, तिच्यामुळे माझे मराठी आकडे पक्के राहिले. आजीचे उपकार!

भोर-वेल्ह्याकडचा कॉल मला लगेच ओळखू यायचा. आवाज तुटत असायचा आणि मागे वारा घोंघावत असायचा. तोरणा-राजगडाच्या पलीकडच्या वाड्यांवर किंवा भाटघरच्या पाण्याच्या आतल्या अंगाला घरात रेंज मिळेलच असं नाही. माणूस चढ चढून माळावर येतो, रेंज सापडली की उभ्या उभ्याच फोन लावतो. तो दहा मिनिटं होल्डवर असतो तेव्हा सोफ्यावर बसलेला नसतो. आणि दहा मिनिटांनी आम्ही त्याला काय ऐकवायचं? ‘आपल्या बहुमूल्य वेळेबद्दल धन्यवाद.’ स्क्रिप्टमधलं हे वाक्य इंग्लिशमधून जसंच्या तसं उचललेलं. मला तर ते ऐकताना कुणी चिडवतंय असंच वाटतं.

एक कॉल सविस्तर सांगते. वेल्ह्याकडचे आजोबा होते. मी नमस्कार म्हणायच्या आत सुरू झाले, “चवथा फोन हाय माझा! दर टायमाला नवा माणूस, आन् दर टायमाला पयल्यापास्नं रामायण सांगायचं का?” त्यांचा नंबर बंद पडला होता, कागदपत्रांची फेरतपासणी राहिली म्हणून. बोलत होते ते शेजाऱ्याच्या फोनवरून. नातीच्या ॲडमिशनचा फॉर्म भरलेला, ओटीपी त्या बंद नंबरवर येणार, आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. आधीच्या तिघांनीही त्यांना सांगितलं होतं, ‘चोवीस तासांत चालू होईल.’

आता यात उद्धट कोण? आजोबा मला दोन-चार वाईट शब्द बोलले हे खरं. पण तिघांनी त्यांना गोड आवाजात खोटं सांगितलं होतं. ते खोटंही त्या मुलांनी मुद्दाम सांगितलं नसावं, स्क्रीनवर जे वाक्य आलं ते वाचलं असणार. मी त्यांना बोलू दिलं. साधारण पाऊण मिनिटात पहिला जोर ओसरतो, हा माझा अनुभव. मध्ये तोडलं की पुन्हा शून्यापासून मोजायचं. मग मी त्यांचंच म्हणणं त्यांना परत सांगितलं, “नातीचा फॉर्म आहे, उद्या शेवटची तारीख आहे, बरोबर?” आणि खरं होतं ते सांगितलं, “आजोबा, हे फोनवरून चालू होणारच नाही. सिम तुमच्या नावावर आहे, आधार कार्ड घेऊन तुम्हालाच दुकानात जावं लागेल. तुम्हाला नसरापूर जवळ पडेल. आणि आज संध्याकाळपर्यंत नंबर चालू झाला नाही, तर ॲडमिशनच्या हेल्पलाईनला फोन करून फॉर्ममधला नंबर बदलता येतो का ते नातीला विचारायला सांगा.”

क्षणभर नुसता वाऱ्याचा आवाज. मग म्हणाले, “आगं पोरी, हे पयल्यांदाच सांगायचं ना!”

कॉल नऊ मिनिटं चालला. आमचं टार्गेट होतं तीन मिनिटं. माझा त्या दिवसाचा एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, लाल रंगात गेला. वर क्वालिटीवाल्यांनी मार्क कापले, कारण स्क्रिप्टमध्ये ‘सर’ आहे, ‘आजोबा’ नाही! नातीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. कॉल सेंटरमध्ये गोष्टीचा शेवट कधीच कळत नाही.

आता हे तीन मिनिटांचं प्रकरण काय आहे ते बघू. आपल्या ई अँड टीसीच्या सिलॅबसमध्ये टेलिट्रॅफिकच्या चॅप्टरमध्ये एर्लांग भेटतो. आग्नर क्रारुप एर्लांग, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला डॅनिश गणिती. त्याने १९०९ साली टेलिफोन कॉल आणि संभाव्यता यांवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली ती प्रसिद्ध सूत्रं मांडली. जगभरची कॉल सेंटरं अजूनही त्याच्याच सूत्रावर माणसं मोजतात. आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि सोडून देतो, पण एकदा आकडे घालून बघा.

समजा तासाला १०० कॉल येतात आणि प्रत्येकाला ३ मिनिटं लागतात. म्हणजे तासाला ३०० मिनिटांचं काम, म्हणजेच ५ एर्लांग. पाच माणसं बसवली तर? गणित म्हणतं रांग वाढतच जाणार, कारण कॉल काही रांगेत शहाण्यासारखे एकामागून एक येत नाहीत. सकाळी साडेसातला आपल्या बाथरूमसमोर येतात तसे झुंडीने येतात. सहा माणसं बसवली तर सरासरी वाट पाहावी लागते १०६ सेकंद. सात बसवली तर २९ सेकंद, आणि आठ बसवली तर फक्त १०.

खरी मजा पुढे आहे. माणसं सहाच ठेवा आणि प्रत्येक कॉल फक्त अर्ध्या मिनिटाने लांबवा. तेवढा वेळ आरडाओरड्यात सहज जातो. आता काम ५.८३ एर्लांग झालं आणि सरासरी वाट पाहायची वेळ किती? सुमारे १९ मिनिटं! मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं, तुम्हीही करून बघा. (सूत्र असं धरून चालतं की कंटाळून कुणी फोन ठेवत नाही. प्रत्यक्षात लोक ठेवतात आणि पुन्हा लावतात, म्हणजे कॉलच वाढतात.) याच ठिकाणी एक सातवा माणूस बसवा, १९ मिनिटांची वाट १०१ सेकंदांवर येते.

म्हणून मला ‘ग्राहक उद्धट झालेत’ हे वाक्य अर्धवट वाटतं. सातव्या माणसाचा पगार वाचवला की १९ मिनिटं होल्डवर काढलेली माणसं तयार होतात, ती ओरडतात, ओरडण्याने कॉल लांबतो, कॉल लांबला की मागची रांग आणखी चिडते. वर टार्गेट गाठायचं म्हणून कॉल घेणारा नोंदी धड लिहीत नाही, कारण नोंदीचा वेळही एएचटीतच मोजतात. मग पुढच्या कॉलला आजोबांना पुन्हा रामायण! पण त्याच गणितातून दुसरंही एक निघतं. तुम्ही अर्धा मिनिट शिव्या देता तेव्हा त्याची झळ कंपनीच्या मालकाला लागत नाही, मागे माळावर उभ्या असलेल्या कुणालातरी लागते.

कॉल घेणाऱ्याचं काय होतं? अर्ली होकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाईसुंदऱ्यांचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं. पगारासाठी चेहऱ्यावर आणि आवाजात भावना आणणं हेही श्रमच आहेत, हे त्यांनी दाखवलं. आमच्याकडे त्याला ‘आवाजात स्माईल ठेवा’ म्हणायचे. दिवसाला सत्तर-ऐंशी वेळा! रात्री रूमवर आल्यावर आईचा फोन आला तरी उचलावासा वाटायचा नाही.

आणि रागाला एक हद्द असते. आजोबांचा राग वेगळा, आणि मुलीचा आवाज ऐकून घाण बोलणारा वेगळा. आमच्या फ्लोअरवर नियम होता : दोनदा सूचना द्यायची, तिसऱ्यांदा कॉल कट. हा नियम सगळीकडे नसतो, म्हणून नोकरीला जाण्याआधी विचारून घ्या. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं २०१३ चा कायदा सांगतो.

आता ग्राहक म्हणून आपण काय करायचं? ओरडण्यापेक्षा कागद-पेन जवळ घ्या. तक्रार क्रमांक मागा, तारीख-वेळ लिहा, आणि ‘हे किती दिवसांत होणार?’ एवढंच विचारा. मोबाईल कंपनीकडे काम झालं नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ही सोय ट्रायच्या २०१२ च्या नियमांत आहे. विजेसाठी महावितरणचा १९१२. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल, हे २००३ च्या वीज कायद्यातच लिहिलं आहे. बाकी सगळ्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. आपल्या गावाकडे ही माहिती तरण्या पोरांनी घरी सांगायला पाहिजे, कारण फोन लावतात आजोबा आणि नेट वापरतो आपण.

एक कॉल मात्र वेगळा, १०८ चा. आपल्या राज्यात ही ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आहे. तिथे पलीकडचा माणूस प्रश्न विचारत बसतो म्हणून लोक भडकतात, ‘आधी गाडी पाठवा!’ पण त्याच्या जागी बसून बघा. भोर तालुक्यात आंबवडे आहे, आंबाडेही आहे. वेल्ह्यात आंबवणे आहे आणि तिकडे मुळशीतही आंबवणे. फोन तुटतोय, बोलणारा रडतोय, आणि त्यातून गाडी कुठल्या खोऱ्यात पाठवायची ते ठरवायचंय. म्हणून पहिल्या वाक्यात तालुका सांगा, मग गाव, मग वाडी, मग रस्त्यावरची खूण : शाळा, देऊळ, पूल, जे असेल ते. ज्या नंबरवरून बोलताय तो एकेक आकडा सुटा करून सांगा. आणि रेंज असेल त्या जागेवरून हलू नका, ड्रायव्हर परत फोन करणार असतो. पेशंटजवळ दुसऱ्या कुणाला तरी बसवा.