कोड पुसायची घाई करू नको

बाळा, शिरूर-चौफुला रस्त्यावर गॅरेज टाकतोयस, स्कॅनरही घेतलास, बरं केलंस. आमच्या वेळी गाडी मिसिंग मारायला लागली की चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर उपसायची आणि कान लावायचा. जी उपसूनही आवाज बदलत नाही, तिचा सिलेंडर मेलेला. आताच्या कॉइलवाल्या गाडीवर ते करू नकोस. न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. म्हणून इंजिनाचा दिवा लुकलुकतोय असा कुणाचा फोन आला, तर गाडी आहे तिथंच उभी करायला सांग. दौंडवरून शिरूरपर्यंत रेटत आणू देऊ नकोस.

स्कॅनर जोडला की कोड पुसायचा नाही. आधी वहीत लिही. ०३०१ ते ०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलेंडरचा. ०३०० आला तर मिसिंग एका जागी नाही. मग फ्रीझ फ्रेम उघड. कोड पडला तेव्हा इंजिन थंड होतं की गरम, आरपीएम किती, लोड किती, हे सगळं तिथं असतं. कोड पुसलास की हेही जातं, आणि गाडी तुझ्या दारात मुद्दाम नीट चालते.

कोड सिलेंडर सांगतो, बिघाड सांगत नाही. हे मी एका गाडीवर शिकलो. न्हावऱ्याकडची गाडी, कोड ०३०३. दुसरीकडे तीन नंबरची नवी कॉइल टाकून झाली होती, मिसिंग तसंच. मी तीनची कॉइल दोनवर आणि दोनची तीनवर टाकली, कोड पुसला, गाडी फिरवून आणली. परत ०३०३. म्हणजे कॉइल निर्दोष. प्लग बदलून पाहिले, तरी तीनच. मग इंजेक्टरची वायर हाताळली तर आतली तार एका धाग्यावर होती, उंदरांनी कुरतडलेली. गाडी उसाच्या फडाशेजारी उभी असायची आणि तोड नुकतीच झालेली. फड मोकळा झाला की उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली येतात. तेव्हा हंगामात आधी वायरिंग बघ. अदलाबदलीला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

वायरही ठीक निघाली, तर कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय इंजेक्टर बदलायला सांगू नकोस. व्हॉल्व्ह गळत असेल तर नवा इंजेक्टर काय करणार?

०३०० सोबत ०१७१ आला तर प्लगच्या मागे लागू नकोस. तिथं फ्युएल ट्रिम बघ. लाँग टर्म अधिक १० टक्क्यांच्या वर असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय म्हणून ईसीएम जास्त सोडतोय. स्लोवर आकडा मोठा आणि रेस दिल्यावर उतरतो, तर कुठंतरी होज फाटून हवा शिरतेय. लोडवर वाढतो, तर फिल्टर नाहीतर पंप.

रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांच्या बऱ्याच गाड्या सीएनजीच्या. त्या पेट्रोलवर आणि गॅसवर वेगवेगळ्या चालवून बघ. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळं झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि गॅसवर झटके देतो. उलट पेट्रोलवरच मिसिंग असेल, तर महिनोन्महिने न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर चोंदलेत का ते तपास. ही एक चाचणी पुष्कळ खर्च वाचवते.

धुऊन आणलेल्या गाडीत प्लगच्या विहिरीत पाणी असतं, ते हवेनं उडव. आणि बॅटरी उतरलेली असताना कुठल्याच कोडवर विश्वास ठेवू नकोस.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी स्वतः चालव, मग पुन्हा स्कॅनर लाव. जो भाग बदललास तो फडक्यात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात दे.