वयाचा दाखला : हवे तेवढेच दाखविणे

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्या सहीने बाहेर पडणारा नित्याचा कागद होय. त्यावर जन्मतारखेसोबत आईचे नाव, जात, जन्मस्थळ, वर्तणूकही असते. गंगापूर रोडवरील महाविद्यालयात प्रवेश घेताना तो द्यावा लागतो, हे योग्यच. परंतु तोच विद्यार्थी पुढे प्रौढांसाठीचा चित्रपट पाहावयास गेला व वयाचा पुरावा म्हणून त्याने हाच कागद पुढे केला, तर द्वारपालास त्याची जात कळण्याचे प्रयोजन काय?

डिजिटल दाखल्यात ही अडचण टाळता येते. त्यातील प्रत्येक नोंद जणू निराळ्या लखोट्यात असते आणि साऱ्यांवर देणाऱ्या कार्यालयाची सांकेतिक मोहर असते. दाखलाधारक ‘अठरा वर्षे पूर्ण’ हा एकच लखोटा उघडतो. विचारणारा मोहर तपासतो. त्यासाठी मूळ कार्यालयास विचारावे लागू नये, अन्यथा कोण कोठे गेला याची यादीच तेथे तयार होईल. एकच मोहर दहा ठिकाणी दाखविल्यास त्या दहा नोंदी जुळवून माणूस ओळखता येतो. म्हणून एकदाच वापरावयाची मोहर बरी. युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये अशा पडताळणीचा आराखडा मांडला. आपल्याकडील नव्या आधार ॲपमध्येही निवडक माहिती दाखविण्याची सोय आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती आवश्यक मानली आहे. तेव्हा हा विषय शाळेबाहेरचा नव्हे.

वर्गात हे पुठ्ठ्याने शिकवावे. पुठ्ठ्यास एक खिडकी कापून तो नमुना दाखल्यावर ठेवावा व मुलांस विचारावे, ‘काय दिसते? काय दिसत नाही?’ खऱ्या विद्यार्थ्याचा दाखला मात्र घेऊ नये.

मोहर नोंदीला खरी करीत नाही, हे विसरता कामा नये. आपल्या जुन्या नोंदवह्यांत 1 जून रोजी जन्मलेली मुले किती, हे शिक्षकांस सांगावयास नको! ती तारीखही मोहरबंद होऊन तितक्याच विश्वासाने फिरेल. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्मप्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा ठरला आहे. त्याआधी जन्मलेल्यांचा प्रवेश पुराव्याअभावी नाकारता येत नाही. परंतु तारीख अंदाजाने लिहिण्यापूर्वी पालकांस ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीचा उतारा आणावयास अवश्य सांगावे.