चावी हातात आली आणि फोन सुरू झाले

प्रश्न : डोंबिवलीत आम्हाला नव्या घराचा ताबा मिळाला. दस्त नोंदणी झाल्यापासून रोज आठ-दहा फोन येतात: किचन ट्रॉली, पडदे, सेफ्टी ग्रिल, होम लोनचं बॅलन्स ट्रान्सफर. बोलणारे आमचा मजलासुद्धा सांगतात, त्यामुळे आई घाबरली आहे. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून येतात. काय करावं?

उत्तर : आधी आईंना धीर द्या. मजला माहीत आहे म्हणजे कुणी पाळत ठेवून आहे असं नाही. 1908च्या नोंदणी कायद्याच्या कलम 57नुसार मालमत्तेच्या दस्तांची सूची फी भरून कुणालाही पाहता येते. आपल्याकडच्या ‘इंडेक्स टू’वर फ्लॅट, मजला, किंमत आणि दोन्ही पक्षांची नावं असतात. फोन नंबर मात्र नसतो. तो बहुधा आपणच कुठेतरी दिलेला असतो: साइट ऑफिसातल्या फॉर्मवर, एजंटाकडे, कर्जाचे दर दाखवणाऱ्या वेबसाइटवर. म्हणून ताबा घेताना पुढे येणाऱ्या प्रत्येक कागदावर ‘इतर कंपन्यांशी संपर्कास संमती’ अशी ओळ आहे का ते पाहा आणि ती खोडूनच सही करा. बिल्डरला दिलेली संमती ईमेलने मागे घ्या.

नंतर 1909ला फोन करून किंवा ट्राय या दूरसंचार नियामकाच्या डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) ॲपवरून जाहिरातींचे सगळे प्रकार बंद करून घ्या. मात्र एवढ्यावर थांबू नका. डीएनडी नोंदणीकृत कंपन्यांना अडवतं. साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन करणारे डीएनडीची यादी पाहतच नाहीत. तिथे त्याच ॲपवर तक्रारच हवी. ब्लॉक केल्याने फक्त तुमचा फोन शांत होतो, फोन करणारा शेजारच्या घरी वळतो. ट्रायच्या नियमांतल्या फेब्रुवारी 2025च्या दुरुस्तीनंतर तक्रारीला सात दिवसांची मुदत आहे, आणि नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तुमचं डीएनडी चालू नसलं तरी ती घेतली जाते. नंबर, तारीख आणि काय विकत होते ते एका ओळीत लिहा. एकाच फोन करणाऱ्याविरुद्ध दहा दिवसांत पाच ग्राहकांनी तक्रार केली तरी कारवाई सुरू होते. त्यामुळे ताबा मिळालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे जरूर सांगा. एकाच इमारतीत एकच माणूस फोन करत असेल, तर पाच तक्रारी जमायला वेळ लागत नाही. पहिल्या चुकीला त्याचे आउटगोइंग पंधरा दिवस बंद होतात, पुन्हा केल्यास त्याच्या सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी तुटतात. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो.

फोनवर वाद घालू नका, ‘नंतर करा’ असंही म्हणू नका. ‘संमती नाही’ एवढं सांगून ठेवा.

प्रश्न : डीएनडी केलं तर बँकेचे ओटीपी आणि हप्त्याचे मेसेज थांबतील का? (ज्येष्ठ वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. ते व्यवहाराचे संदेश आहेत, त्यांना डीएनडी लागू होत नाही. जाहिरातीच्या फोनसाठी 140ने सुरू होणारे, तर बँकांच्या सेवेसाठी 1600ने सुरू होणारे नंबर ठरवले आहेत. मात्र ‘आज रात्री तुमची वीज तोडणार’ असा फोन आला, तर तो जाहिरातीचा नव्हे, फसवणुकीचा प्रकार आहे. तो ठेवून द्या, संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’वर कळवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, सकाळची वाट पाहू नका.