लांब पल्ल्याचा धावपटू व अमेरिकेतील कॉलेज

अमेरिकेतील कॉलेजे हायस्कुलातील चांगल्या धावपटूस स्वतः होऊन बोलावितात, हे खरे. परंतु केवळ पदके पाहून नव्हे. तेथील क्रीडाशिक्षक १६०० व ३२०० मीटरांची वेळ विचारितो आणि लागलीच गुणपत्रिका मागतो. राष्ट्रीय क्रीडासंघटनेने कॉलेजांचे तीन विभाग केले आहेत. पहिल्यात खेळावयाचे तर १६ नेमलेले अभ्यासक्रम पुरे झालेले लागतात. तिसऱ्यात खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. क्रीडाशिक्षकास पत्र विद्यार्थ्यानेच लिहावे, वडिलांनी नव्हे, असे आम्हांस वाटते. तोंडी वचनावर विसंबू नये, लेखी मागावे. संकोचाने बहुधा राहून जाणारा एक प्रश्नही पालकांनी अवश्य विचारावा: पाय दुखावून मुलास धावता आले नाही, तर शिष्यवृत्ती पुढील वर्षी चालू राहील काय?