जास्त मते मिळूनही थॅचरबाई का गेल्या?

प्रश्न : 1990 मध्ये पक्षनेतेपदाच्या निवडणुकीत मार्गारेट थॅचर यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त मते पडली होती, असे वाचले. मग दोनच दिवसांत त्यांनी राजीनामा का दिला?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही वाचलेत ते खरे आहे. 20 नोव्हेंबर 1990 रोजी हुजूर पक्षाच्या 372 खासदारांपैकी 204 जणांनी थॅचरबाईंना मत दिले, 152 जणांनी मायकेल हेसेल्टाइन यांना. उरलेल्या 16 जणांनी कोणालाच नाही. एरवी एवढ्यावर गुलाल उधळला गेला असता. पण पहिल्याच फेरीत जिंकायचे तर निम्म्याहून अधिक मते पुरत नसत. दुसऱ्या उमेदवारावर एकूण खासदारसंख्येच्या 15 टक्के आघाडीही लागे. म्हणजे 56 मतांची. बाईंची आघाडी भरली 52. हेसेल्टाइन यांच्याकडचे दोन खासदार जरी फिरले असते, तरी प्रश्न मिटला असता.

असला विचित्र नियम आला कुठून? 1965 पर्यंत या पक्षात नेता निवडून येतच नसे. ज्येष्ठ मंडळी आपसांत कानोसा घेत आणि एक नाव पुढे येई. 1963 मध्ये हॅरल्ड मॅकमिलन आजारपणामुळे पायउतार झाले, तेव्हा रॅब बटलर यांना डावलून लॉर्ड होम पंतप्रधान झाले. त्यावर इयन मॅक्लाउड आणि इनॉक पॉवेल यांनी नव्या मंत्रिमंडळात बसायलाच नकार दिला. या गुपचूप कारभाराची एवढी शोभा झाली की 1964 ची निवडणूक हरल्यावर खुद्द होम यांनीच खासदारांच्या मतदानाची पद्धत आणली. एडवर्ड हीथ हे त्या पद्धतीने निवडून आलेले पहिले नेते.

पण पदावर बसलेल्या नेत्याला आव्हान द्यायची सोय त्यात नव्हती. हीथ 1974 मध्ये दोन निवडणुका हरले आणि ती सोय करावी लागली. नियम दुरुस्त करायचे काम पुन्हा होम यांच्याकडेच आले, म्हणून या दुरुस्तीला थट्टेने ‘ॲलेकचा सूड’ म्हणत. (ॲलेक म्हणजे होमच.) 15 टक्के मोजायचे ते झालेल्या मतदानाचे नव्हे, तर सर्व खासदारांचे, हेही तेव्हाच ठरले. फेब्रुवारी 1975 मध्ये पहिल्या फेरीत हीथ यांना 119 आणि थॅचर यांना 130 मते पडली. हीथ तिथेच बाजूला झाले. थॅचरबाई ज्या दारातून आत आल्या, त्याच दारातून पुढे बाहेर गेल्या.

तरीही सगळा दोष नियमावर ढकलणे मला पटत नाही. दुसऱ्या फेरीत निव्वळ बहुमत, म्हणजे 187 मते पुरणार होती आणि बाईंकडे 204 होती. पॅरिसच्या परिषदेला गेलेल्या बाईंनी तिथल्या ब्रिटिश वकिलातीच्या पायऱ्यांवरूनच दुसरी फेरी लढवायचे जाहीरही केले. पण ही मते टिकणार नाहीत, हे लंडनमध्ये सगळ्यांना दिसत होते. दरडोई कराने मतदार खवळले होते. मार्चमध्ये ट्रफाल्गर चौकात त्यावरून दंगल झाली होती. पुढची निवडणूक आपण हरू, या धास्तीने अनेक खासदारांची झोप उडाली होती. त्यात युरोपचा वाद. अर्थमंत्री नायजेल लॉसन आदल्या वर्षी राजीनामा देऊन गेले होते आणि 1 नोव्हेंबरला उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनीही तेच केले. हाउ म्हणजे मवाळ बोलणारा, वर्षानुवर्षे मुकाट्याने अपमान गिळलेला माणूस. 13 तारखेला सभागृहात ते बोलले ते क्रिकेटच्या भाषेत : सलामीचे फलंदाज मैदानात उतरतात आणि पाहतात तर काय, आपल्याच कर्णधाराने सामन्याआधी बॅटी मोडून ठेवल्या आहेत! दुसऱ्याच दिवशी हेसेल्टाइन यांनी उमेदवारी जाहीर केली.

21 तारखेच्या संध्याकाळी बाईंनी मंत्र्यांना एकेकटे बोलावले. बहुतेकांचा सूर एकच : मी तुमच्या पाठीशी आहे, पण तुम्ही हरणार. इतक्या सभ्यपणे हात झटकलेले क्वचितच पाहायला मिळतात! 22 तारखेच्या सकाळी राजीनामा जाहीर झाला. दुसऱ्या फेरीत जॉन मेजर यांना 185, हेसेल्टाइन यांना 131 आणि डग्लस हर्ड यांना 56 मते पडली. मेजर यांनाही बहुमताला दोन मते कमीच होती. पण उरलेल्या दोघांनी माघार घेतली आणि ते पंतप्रधान झाले.

पुढे 1998 मध्ये ही 15 टक्क्यांची अट गेली. नेत्यावरील विश्वास साध्या बहुमताने ठरू लागला. जून 2022 मध्ये बोरिस जॉन्सन असा ठराव 211 विरुद्ध 148 मतांनी जिंकले. महिनाभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली आणि 7 जुलैला त्यांनीही पद सोडत असल्याचे जाहीर केले.