आधी पाण्यात थांबता आलं पाहिजे

पहिल्या ट्रायथलॉनसाठी बायकांचा गट जमला की पहिले दोन महिने सायकल आणि धावण्यात जातात. पोहणं 'बघू पुढे' म्हणून मागे राहतं. मीही हाच क्रम लावला होता आणि तो चुकला होता. माझ्याबद्दल एवढंच पुरे. ही चूक का होते आणि कशी टाळायची, हे सांगायला मी बसले आहे, आणि सांगताना डोळ्यांसमोर आहेत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातली गावं: तिरुवैयारु, कुंभकोणम, ओरत्तनाडु आणि तंजावरभोवतीची भातखाचरं. व्यंकोजीराजांच्या मागोमाग इथे आलेल्या घरांमधून आजही मराठी बोलली जाते, त्यामुळे मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच परका नाही. जमीन तळहातासारखी सपाट, सायकल घरोघरी, पहाटे उठून कामाला लागायची सवय आणि दाराशी नदी. ट्रायथलॉनला आणखी काय हवं, असं वाटतं. त्या वाटण्यामुळेच इथे चुकीचा क्रम लागण्याची भीती जास्त आहे.

आधी आकडे पाहू. नवशिक्यांसाठीच्या स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. एकूण अंतरात पोहण्याचा वाटा तीन टक्केही भरत नाही. मग तीन टक्क्यांपायी निम्मी तयारी का खर्च करायची, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. त्याला माझं उत्तर असं. २०१७ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ट्रायथलॉन स्पर्धांचा १९८५ ते २०१६ या काळाचा आढावा आला. मृत्यू किंवा हृदय बंद पडणं अशा एकूण १३५ घटना त्यात नोंदल्या आहेत, आणि त्यांतल्या ९० पोहताना घडलेल्या. एकूण धोका लाखात दोनपेक्षा कमी होता आणि या घटनांत सापडलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के पुरुष होते, तेव्हा हे वाचून कुणी घरी बसावं असं मुळीच नाही. (चाळिशी ओलांडलेल्या किंवा छातीत दुखणाऱ्या बाईने डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं, हे मात्र नक्की.) या घटनांत चांगले पोहणारेही असणार. मला त्या आकड्यांत दिसतं ते वेगळंच. सायकलवर चक्कर आली तर बाई पाय टेकते. धावताना पोटात कळ आली तर रस्त्याकडेला बसते. पाण्यात बसायला जागा नाही. शरीर किंवा मन जरासं डगमगलं की तिथे थांबणं हीच एक विद्या होते, आणि ती आधी शिकलेली नसेल तर त्या क्षणी सुचत नाही. म्हणून तयारीचे तास अंतराच्या हिशेबाने वाटू नयेत. जिथे थांबता येत नाही, तिथे सगळ्यात जास्त तास द्यावेत.

दुसरा आक्षेप तिथल्या माणसांकडून येतो. आम्ही नदीकाठची माणसं, आम्हाला पाणी काय शिकवता? तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, आडिप्पेरुक्कुच्या सणाला तिरुवैयारुच्या घाटावर बायकांची दाटी होते. ताटात हळदकुंकू, फुलं, फळं, पिवळे दोरे. पण पाण्यात उतरलेल्या बाईचे हातपाय नीट पाहा. शेवाळलेल्या पायरीवर ती पावलं आडवी रोवते, एका हाताने वरची पायरी किंवा शेजारणीचं मनगट धरते, दुसऱ्या हाताने नाक दाबते आणि तीन बुड्या मारून लगेच वळते. पायरी संपते तिथे तिची नदी संपते. पाण्याचा आदर तिच्यात पुरेपूर आहे, पण पाण्यावर अंग सोडणं तिला कुणी शिकवलेलंच नाही. याची किंमत या मुलखाने मोजली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच प्रदेशाच्या किनाऱ्यावर, नागपट्टिणम जिल्ह्यात, सरकारी नोंदीप्रमाणे २,४०६ बायका आणि १,८८३ पुरुष गेले. कारणं अनेक होती. बरेच पुरुष खोल समुद्रात होते आणि बायका मासळीची वाट पाहत किनाऱ्यावर. हातात लेकरं, अंगाला ओली साडी गुंडाळलेली. पोहता न येणं हे त्यांतलं एक कारण, आणि आपल्या हातात असलेलं तेवढंच. तेव्हा पाण्याशेजारी राहणं आणि पाणी येणं या दोन गोष्टींची गल्लत करू नये. आपल्याकडे कृष्णाकाठी, पंचगंगेकाठी तरी वेगळं काय आहे?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. गटात बायका काहीही शिकतात, तुम्ही गटावर विश्वास ठेवा, असं म्हणतात. याला दाखला तंजावरच्या शेजारचाच. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 'अरिवोळी इयक्कम' ही साक्षरता चळवळ चालली आणि जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. खाणीतल्या मजूर बायका, शेतमजूर, अंगणवाडीसेविका सायकलवर बसल्या. १९९२ च्या महिलादिनी दीड हजारांहून जास्त बायकांचा सायकल मोर्चा निघाला. पत्रकार पी. साईनाथांनी त्यावर लिहिल्यामुळे ही हकीकत देशभर पोचली. हे यश गटाचंच. एकटी बाई सायकलवर बसली असती तर गावाने नावं ठेवली असती, शंभर जणी बसल्यावर गाव गप्प झालं. पण ते शिक्षण कसं झालं ते पाहा. पडून झालं. गुडघा फुटायचा, बाकीच्या हसायच्या, ती उठून पुन्हा बसायची. पाण्यात पडून शिकता येत नाही. तिथे गटाची उमेदच कधीकधी उलटते. मागे राहायची लाज वाटते म्हणून बाई झेपत नसताना पुढे सरकते. आणि बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला आलेलं असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, हाक कुठून मारणार? पंधरा जणींच्या खिदळण्यात एकीचं असं गप्प होणं कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि हातात असतो जेमतेम मिनिटभराचा वेळ. म्हणून गट हवाच, पण रस्त्यावरचा गट आणि पाण्यातला गट वेगळा बांधायला हवा. एका शिकवणारीमागे चार-पाच जणींहून जास्त नकोत, पोहणाऱ्यांच्या जोड्या ठरलेल्या असाव्यात, आणि एक जण काठावर नुसती मोजत उभी हवी. तिने त्या वेळात दुसरं काही करायचं नाही, फोन तर नाहीच.

आता शिकायचं काय? तरणतलावाच्या उथळ बाजूला पहिल्या दिवशी कठड्यावरचे हात बघा. पेरं पांढरी पडलेली, खांदे कानांना भिडलेले, गाल फुगवून श्वास कोंडलेला. या बाईला हात कसे मारायचे ते सांगणं व्यर्थ आहे. आधी तिला पाण्यात श्वास सोडायला लावा. पाण्यात दम कोंडतो तेव्हा बहुतेक वेळा छाती हवेने भरलेलीच असते. जुनी हवा बाहेर टाकलेली नसते, म्हणून नवी आत घेता येत नाही. तोंड पाण्यात, नाकातोंडातून सावकाश बुडबुडे, तोंड बाहेर, श्वास आत. हे कंटाळा येईपर्यंत करायचं, कारण कंटाळा आला याचा अर्थ भीती गेली. मग पाठीवर तरंगणं. इथे बहुतेक जणी कान पाण्यात गेले की दचकून उठतात, कारण बाहेरचे आवाज एकदम बंद होतात. मानेखाली हात देऊन कुणीतरी शेजारी उभं राहिलं तर चार-पाच दिवसांत तेही जमतं. त्यानंतर पालथं असताना उताणं होणं, आणि उताणं असताना गुडघे पोटाशी घेऊन उभं राहणं. शेवटी खोल पाण्यात पाय हलवत जागच्या जागी राहणं. माझी कसोटी साधी आहे: तलावाच्या मधोमध, कठडा न धरता, पोहता पोहता पाठीवर वळून दोन मिनिटं पडून राहायचं आणि पुन्हा पोहू लागायचं. हे ज्या दिवशी सहज जमेल त्या दिवसापासून अंतर मोजायला लागा, त्याआधी नको. वेगाची काळजी तर अजिबात नको. स्पर्धेच्या नियमांत कोणत्याही पद्धतीने पोहता येतं, दम लागला तर बोया किंवा होडी धरून थांबताही येतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. आपल्याकडे पोरांच्या पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडत. पोरगं दमलं तरी भोपळा वर ठेवायचा, त्यामुळे ते न कळत पाण्यात विसावायला शिकायचं. थंड देशांत वेटसूट हे काम करतो. कावेरीच्या कोमट पाण्यात तो घालता येणार नाही, नियमही उबदार पाण्यात परवानगी देत नाहीत. इथल्या बाईला तो आधार स्वतःच्या फुफ्फुसांतच तयार करावा लागणार.

तरणतलाव शहरात आणि बायका गावात, ही अडचण खरी आहे. पण २०२१ पासून तमिळनाडूत साध्या नगर-बसला बायकांना तिकीट पडत नाही, आणि बचतगटांची घडी या राज्यात १९८९ पासून, धर्मपुरीतल्या पहिल्या प्रयोगापासून, बसलेली आहे. पंधरा जणींनी मिळून आठवड्यातून दोनदा, फक्त बायकांसाठी, एखादा तास मागितला तर खर्च वाटला जातो आणि कपड्यांचा संकोचही कमी होतो. साडी किंवा सैल सलवार मात्र घालू नका. भिजलेलं कापड पायांत अडकतं. कोपरा-गुडघ्यापर्यंतचे अंगाबरोबरचे पोहण्याचे कपडे मिळतात, ते चालतात. वेळेचं म्हणाल तर नदीच्या वेळापत्रकानेच सोय केली आहे. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी या त्रिभुज प्रदेशासाठी रिवाजाने १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. धरण भरलेलं नसलं तर तारीख पुढे जाते, २०२४ मध्ये जुलैअखेर उजाडला. सांबा भाताची कापणी आटोपली की मार्च ते मे नदी कोरडी आणि शेतकामही कमी. हेच तीन महिने तलावाचे. जूनपासून लावणी सुरू होते. दिवसभर चिखलात कमरेतून वाकलेल्या बाईला संध्याकाळी पाच किलोमीटर धावायला लावणं हा अन्याय आहे. त्या आठवड्यांत तलावात पाठीवर तरंगणं एवढाच व्यायाम पुरे.

आणि जूनमध्ये पाणी आलं म्हणून लगेच नदीत उतरू नका. हे मी कळकळीने सांगते. नवं पाणी गढूळ असतं, त्यात स्वतःचा हात कोपरापुढे दिसत नाही. वाळूउपशाने कावेरी आणि तिचा फाटा कोळ्ळिडम यांच्या पात्रात खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट खोलात जाऊ शकतं. कल्लणै बंधाऱ्याखाली प्रवाह भोवरे घेतो. तंजावर शहरातून ओरत्तनाडुकडे जाणारा कालवा, ज्याला लोक 'पुदु आरु' म्हणजे नवी नदी म्हणतात, दिसतो सरळ आणि शांत, पण त्याच्या उतरत्या काँक्रीटच्या बाजूंवर ओला हात धरत नाही, वर येणार कसं? उघड्या पाण्याचा सराव स्थिर तळ्यात, खोली आधी मोजून, कमरेला रंगीत फुगा बांधून, काठावर दोर आणि पोहण्यात मुरलेली व्यक्ती ठेवूनच करावा. तिथे दोनच गोष्टी नव्याने शिकायच्या: दर आठ-दहा हातांनंतर डोळे वर काढून दिशा पाहणं, आणि शेजारणीचा हात-पाय लागला तर न बिचकणं.

सायकल आणि धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ब्रेक आणि चाकांतली हवा तपासा, हेल्मेट घाला, ऊन चढायच्या आत घरी परता, आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा मिनिटं धावण्याची सवय करा, कारण तेव्हा पाय लाकडासारखे होतात. बाकी ताकद या बायकांकडे आहेच. तीन महिन्यांनीही ज्यांना पाण्यात विसावता आलं नाही, त्यांनी आधी डुएथलॉन करावी. धावणं, सायकल, पुन्हा धावणं. तिच्यात कमीपणा कसला? पण ही मोकळीक गटाने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलेली असावी. ऐन वेळी कुणाला मागे सरायचं धाडस होत नाही.

अमेरिकेत १९९० मध्ये फक्त बायकांसाठी डॅन्स्किन ट्रायथलॉन मालिका सुरू झाली. तिथे सॅली एडवर्ड्स ही मुरलेली स्पर्धक मुद्दाम सगळ्यांच्या मागून शेवटची येत असे, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच बाईवर शेवटचं येण्याची वेळ येऊ नये. आपल्या गटात ही जागा सगळ्यात चांगल्या पोहणारीला द्या. तिच्या कमरेला तरंगता फुगा असू द्या, आणि तिची निवड पहिल्याच आठवड्यात करा, म्हणजे रोजच्या सरावातही तिला मागे राहून पुढच्या टोप्या मोजत पोहण्याची सवय होईल.