सहलीचा कागद



डिसेंबर लागला की आपल्या वऱ्हाडात चांगली थंडी पडते. शेतात कापसाची वेचणी चाललेली असते. तूर शेंगांनी भरते. रात्री शेकोटीभोवती माणसे जमतात. याच दिवसांत, २५ डिसेंबरला, नाताळ येतो. नाताळ म्हणजे येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण. शहरातल्या लोकांना त्या सुमारास सुटी मिळते. मग कोणी गोव्याला जातो, कोणी आपल्या चिखलदऱ्याला येतो.

आपणही फिरायला जावे. जन्मभर बांधावर राबलेल्या माणसाने चार दिवस डोंगर पाहिला, समुद्र पाहिला, तर त्यात गैर काहीच नाही. पण सहलीच्या नावावर लोकांना फसवणारेही फिरत असतात. आमच्या गावात काय घडले ते सांगतो.

दादांची पिशवी

अमरावती आणि अकोला यांच्या मधल्या खारपाणपट्ट्यात आमचे गाव आहे. गावात एक शेतकरी आहेत. वय ६७. सारे त्यांना दादा म्हणतात. दादा आणि वैनी, दोघेही आमच्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकतात. वैनी दादांच्या चार पाने पुढे आहेत.

एका संध्याकाळी दादा कापडी पिशवी घेऊन माझ्या ओट्यावर आले. तोंड उतरलेले होते.

"काय झालं, दादा?"

"गुरुजी, तूर निघाच्या आधीच विकाव म्हणतो. व्यापारी पैसे देऊन रायला. मले चाळीस हजार पायजेत. उद्याच."

"एवढी घाई काहून?"

दादांनी पिशवीतून एक जाड कागद काढला. कागद चकचकीत होता. वर समुद्राचे चित्र होते. आत सगळे इंग्रजीत छापलेले होते. खाली दादांची सही आणि वैनींचा अंगठा होता.

तीन तासांत सही

चार वर्षांपूर्वी दादा शहरात गेले होते. एका दुकानात त्यांनी चिठ्ठी भरून दिली. आठ दिवसांनी फोन आला. "तुम्हाला बक्षीस लागले. जोडीने हॉटेलात या आणि घेऊन जा."

दोघे गेले. चहा झाला, जेवण झाले. एक गोड बोलणारा मुलगा समोर बसला. तो म्हणाला, "काका, दोन लाख भरा. पंचवीस वर्षे दरवर्षी सात दिवस मोठ्या हॉटेलात खोली तुमची. नाताळात गोव्याला जा. नको झाले तर कागद विका. भाव वाढतच जातो. पण आजच सही करा. उद्या हा दर नाही."

तीन तास असेच गेले. उठू म्हटले की दुसरा माणूस येऊन बसे. शेवटी दादांनी सही केली. पन्नास हजार तेव्हा दिले. बाकीचे हप्त्याने फेडले. हे पैसे नातीच्या कॉलेजसाठी ठेवलेले होते.

वैनी म्हणाल्या, "म्या तवाच म्हटलं होतं, कोणाले तरी वाचून दाखवा. पण यायनं आयकलं नाई."

मी कागद वाचला. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक, खोलीत राहा किंवा राहू नका, दरवर्षी देखभालीचे बारा हजार रुपये भरायचेच. दुसरी, विकणाऱ्या माणसाने तोंडी दिलेले कोणतेही वचन कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणजे त्या मुलाने जे जे सांगितले, ते कागदाने पुसून टाकले होते!

चार वर्षांत दादांना एकदाच खोली मिळाली, तीही भर पावसाळ्यात. नाताळात गोव्याची खोली मागितली की उत्तर येई, "सर्व खोल्या भरल्या."

हिशेब करू या

अशा कागदाला टाइमशेअर म्हणतात. आपण हॉटेल विकत घेत नाही. वर्षातले काही दिवस तिथे राहण्याचा हक्क घेतो. असा प्रत्येक कागद लबाडीचाच असतो असे नाही. ज्याला दरवर्षी सुटी मिळते आणि जो महिने आधी खोली राखून ठेवतो, त्याला तो परवडूही शकतो. पण आधी हिशेब करावा.

दोन लाखांचे पंचवीस भाग करा. एका वर्षाचे आठ हजार झाले. त्यात देखभालीचे बारा हजार मिळवा. वीस हजार झाले. म्हणजे सात रात्रींसाठी वर्षाला वीस हजार. एका रात्रीला सुमारे २,८५७ रुपये पडले. गाडीभाडे वेगळे, जेवण वेगळे. ज्या वर्षी गेलो नाही, त्या वर्षाचे सारेच वाया. शिवाय देखभालीचा आकार पुढे वाढतोही.

दादांनी चार वर्षांत २,४८,००० रुपये दिले. राहिले सात दिवस.

घेणारा कोठून येणार?

दादा कंटाळले. कागद विकावा असे त्यांना वाटू लागले. तेवढ्यात एक फोन आला. "तुमचा कागद घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे. तीन लाख देतो. फक्त कराचे अठरा हजार आधी भरा." दादांनी नातवाच्या फोनवरून भरले. पुन्हा फोन आला. "फाइल अडली आहे. पंचवीस हजार पाठवा." तेही पाठवले. आता तिसरा फोन आला होता. "चाळीस हजार उद्या भरा, नाहीतर सौदा मोडला, आधीचेही गेले."

मी विचारले, "दादा, तुमचा बैल विकायचा झाला तर पैसे कोण देतो?"

"घेणारा देते."

"मग इथे विकणाराच पैसे काहून देऊन रायला?"

दादा गप्प झाले.

असा जुना कागद सहसा विकला जात नाही. त्याची कारणे साधी आहेत. जो घेईल त्याच्या गळ्यात दरवर्षीचा देखभालीचा आकार पडतो. कंपनी स्वतः नवे कागद विकत असतेच, मग जुना कोण घेईल? नाव बदलायला कंपनीची परवानगी लागते, आणि त्याचेही पैसे लागतात. मग दोन लाखांच्या कागदाला तीन लाख देणारा माणूस येईल कोठून?

वैनी इतका वेळ नातवाचा फोन हातात धरून बसल्या होत्या. आधीच्या पैशांची नोंद त्यांनी उघडली होती. एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचले आणि मान वर केली.

"गुरुजी, इथं कंपनीचं नाव नाई. इथं एका माणसाचं नाव हाय. आन् दुसऱ्या डावाले दुसऱ्याच माणसाचं."

वैनींनी बरोबर वाचले होते. कराचा पैसा कोणा माणसाच्या खासगी खात्यात जात नाही. दादांनी कपाळाला हात लावला. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले! पण तूर वाचली. चाळीस हजार वाचले.

पॅनकार्ड क्लबची गोष्ट

फसलेले दादा एकटे नाहीत. मुंबईला पॅनकार्ड क्लब्स लिमिटेड नावाची कंपनी होती. तीही हॉटेलातल्या रात्री विकत असे. पण तिचे दलाल सांगत, "तुम्ही राहायला नाही गेलात तरी मुदत संपल्यावर पैसे वाढून परत मिळतील." लोकांना सहल नको होती, वाढीव पैसा हवा होता. घाम गाळून साठवलेले पैसे त्यांनी त्यात घातले.

गुंतवणुकीच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारे सेबी नावाचे मंडळ आहे. सेबी म्हणाली, हा खोल्यांचा धंदा नव्हे, ही लोकांकडून पैसा गोळा करण्याची योजना आहे, आणि तिची नोंदणी केलेली नाही. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी सेबीने कंपनीला लोकांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम किती होती? सुमारे ७,०३५ कोटी रुपये! आणि माणसे ५१ लाखांहून अधिक! कंपनीने अपील केले. २०१७ साली तेही फेटाळले गेले. तरी पैशासाठी लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

यातून दोन धडे घ्यावेत. सहलीच्या कागदावर कोणी व्याज किंवा वाढीव पैसा देऊ म्हणाला, तर आधी विचारा, "सेबीकडे नोंद आहे काय? दाखवा." आणि जिथे पैसे अडकलेले असतात, तिथे "सोडवून देतो" म्हणणारे दलालही भेटतात. पहिल्या फसवणुकीची जखम ओली असते. दुसरा फसवणारा त्याच जखमेवर बसतो.

मग आम्ही काय केले

फोनवरून पैसे गेल्याचे कळले की ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितकी लवकर कराल, तितका पैसा अडवता येण्याचा संभव जास्त. बँकेलाही लगेच कळवावे. आम्ही त्याच रात्री १९३० ला फोन केला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रारीचा क्रमांक वैनींनी स्वतः वहीत लिहिला. ते ४३,००० रुपये अजून आलेले नाहीत. खोटी आशा मी दादांना दाखवली नाही.

मूळ कंपनीला आम्ही पत्र धाडले. नोंदणीकृत टपालाने धाडले आणि पोच जपून ठेवली. "आम्हाला खोली मिळत नाही. सभासदत्व बंद करा आणि हिशेब द्या," असे लिहिले. कंपनीने दाद दिली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तो अमरावतीला आहे, अकोल्यालाही आहे. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी. म्हणून वेळ दवडू नये. सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो. कागदावर वैनींचेही नाव आहे. म्हणून वैनींनीच तिथे अर्ज दिला.

नाताळची सहल

सहल मात्र राहिली नाही. परतवाड्याला माझा एक जुना विद्यार्थी आहे. तो ख्रिस्ती आहे. त्याने आम्हाला नाताळाला बोलावले. दादा, वैनी, मी आणि आमची मंडळी, असे चौघे एस.टी.ने निघालो. एस.टी.त स्त्रियांना अर्धे तिकीट असते. ६५ ते ७५ वर्षे वयाच्या माणसांनाही अर्धेच असते. ओळखपत्र मात्र जवळ ठेवावे. आमच्यापैकी फक्त मलाच पूर्ण तिकीट पडले!

विद्यार्थ्याच्या दारावर कागदाची मोठी चांदणी टांगली होती. आत दिवा होता. ओसरीवर गवताचा लहानसा गोठा केला होता. त्यात बाळ येशू, मरिया आणि गाई-मेंढरांच्या मूर्ती होत्या. येशूचा जन्म गोठ्यात झाला असे ते लोक मानतात. वैनी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गोठाच हाय. आपल्या घरच्यासारखा." करंज्या होत्या, शंकरपाळे होते, केकही होता. देवळातली गाणी मराठीतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलदऱ्याला गेलो. चिखलदरा अमरावतीहून सुमारे ८० किलोमीटर आहे. समुद्रसपाटीपासून तो सुमारे १,१०० मीटर उंच आहे. तिथे कॉफी पिकते. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. जवळच गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी तो भोसल्यांच्या सैन्याकडून जिंकला. दरीवर धुके होते. दादांनी कान मफलरीत गुंडाळले होते, तरी कड्यावरून हलत नव्हते.

नाताळात तिथल्या खोल्या भरतात आणि दर चढतात. म्हणून आम्ही मुक्काम केला नाही. संध्याकाळच्या गाडीने परतलो. ज्यांना राहायचे असेल त्यांनी आधी खोली राखावी, किंवा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, सुटीचा दिवस टाळून जावे. गोव्याला जायचे असेल तर रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. ते ध्यानात ठेवावे.

परतीच्या गाडीत दादा म्हणाले, "गुरुजी, पंचवीस वर्षांची सहल एका दिवसात घ्याले गेलो म्हणून बुडालो. एका दिवसाची सहल एका दिवसापुरतीच घ्यावं."

वैनी खिडकीतून गावांच्या पाट्या वाचत होत्या.

लक्षात ठेवा

१. "आजच सही करा" म्हटले की उठून घरी यावे.
२. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. आधी जाणत्याकडून वाचून घ्यावा.
३. तोंडी वचन कागदावर लिहून मागावे. लिहून देत नसेल तर ते वचन नव्हे.
४. वस्तू विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात.
५. पैसे कोणाच्या नावावर जातात ते वाचून पाहावे. पैसे घेण्यासाठी फोनवर गुप्त पिन कधीच टाकावा लागत नाही.
६. फसलो तर लाजून गप्प बसू नये. १९३० ला फोन करावा.

सांगा पाहू

१. दादांच्या कागदात कोणत्या दोन गोष्टी लिहिलेल्या होत्या?
२. जुना कागद सहसा का विकला जात नाही?
३. वैनींनी फोनवर काय वाचले? त्यामुळे किती रुपये वाचले?
४. चौघांच्या सहलीला किती खर्च येईल? आपल्या गावापासून चिखलदऱ्यापर्यंतचे भाडे विचारून वहीत हिशेब मांडा.